गाठ निगेटिव्ह, की तपासणी फसली?
काही जण म्हणतात की आफ्रिकन बायकांच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठी ट्रिपल निगेटिव्हच निघतात, म्हणजे त्यांच्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि HER2 या तिन्हींचे रिसेप्टर (ग्राहक प्रथिनं) सापडत नाहीत, म्हणून हार्मोनच्या गोळ्यांचा तिथे उपयोग नाही. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः घानात, हे प्रमाण खरोखरच जास्त आहे. पण अख्ख्या खंडाला हे लावू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत आणि इथिओपियात तपासलेल्या गाठींपैकी निम्म्याहून जास्त इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह (हा रिसेप्टर असलेल्या) निघाल्या आहेत, आणि अशा बाईला टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त हार्मोनची गोळी नाकारली जाणं हा तिच्यावर सरळ अन्याय आहे.

शिवाय तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, कसा गेला, हे कुणी विचारतच नाही. काढल्यापासून तासाभरात तो 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा, द्रावण तुकड्याच्या दहापट, आणि मुरायला किमान 6, जास्तीत जास्त 72 तास. अख्खा स्तन न कापता बादलीत टाकला की द्रावण आतपर्यंत पोचत नाही, चरबीतून तर फारच सावकाश जातं. मधला भाग खराब होतो, रिसेप्टरचं प्रथिन टिकत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून आधी 5 ते 10 मिमीच्या चकत्या करायच्या. त्याहून बरं म्हणजे ऑपरेशनआधी 14 गेजच्या सुईने घेतलेल्या बारीक तुकड्यावरच ही तपासणी करायची. स्लाइड बघताना गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिका शोधाव्यात. रिसेप्टर असेल तिथे रंग तपकिरी येतो, म्हणून त्यांच्या काही पेशींची केंद्रकं तपकिरी दिसलीच पाहिजेत. तीही कोरी असतील तर ‘निगेटिव्ह’ लिहू नये, दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या दुसऱ्या तुकड्यावर) तपासणी पुन्हा करावी.