बाळाच्या पोटात कसलं औषध गेलं, कळत नाही : अनुभव धागा

रांगणाऱ्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या बाळाजवळ उघडी बाटली किंवा फाटलेली स्ट्रिप सापडते. गेलं का, किती गेलं, कोणतं गेलं, काहीच सांगता येत नाही. ज्यांचा या कामाशी नेहमीचा संबंध आहे त्यांनी नेमकं काय करायचं आणि कुठे चुकतं ते लिहावं. नुसतं 'घाबरू नका' लिहायचं असेल तर राहू द्या.

अपघात विभागातली परिचारिका :
आधी बाळाकडे बघा, स्ट्रिपकडे नंतर. हाका मारून जागं होत नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघरता आहे, ओठ निळसर पडलेत, झटके येताहेत, यातलं एकही असेल तर इथलं वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा.
शुद्धीवर असेल तर मांडीवर घेऊन, मान किंचित पुढे झुकवून, चांगल्या उजेडात तोंड बघा. गाल आणि हिरडीच्या मधली फट आणि टाळू विसरू नका. दिसेल ते चिमटीने किंवा ओल्या कापडाने काढा. दिसत नसताना आत बोट फिरवायचं नाही. गोळी आणखी मागे जाते आणि ठसका लागतो. तोंड स्वच्छ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. पातळ औषध आणि चटकन विरघळणाऱ्या गोळ्या मागे काही ठेवत नाहीत.

बालरोगतज्ज्ञ :
उलटी करवू नका. बोट घालून नाही, मिठाच्या पाण्याने तर मुळीच नाही. मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, म्हणजे घरच्या घरी दुसरी विषबाधा. शिवाय बाळाला गुंगी येत असेल तर उलटी फुफ्फुसात उतरते. उलटीचं इपेकॅक सिरप एकेकाळी घरोघरी ठेवा असं सांगत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली ते घरी वापरू नका असं स्पष्ट केलं. दूध पाजून 'विष मारण्याचा' प्रयत्नही नको. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तोंडावाटे काहीच देऊ नका. आपोआप उलटी झालीच तर ती कापडावर किंवा डब्यात घेऊन सोबत न्या, त्यात गोळीचे तुकडे सापडतात.

फार्मासिस्ट :
माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं काम म्हणजे मोजणी, आणि तीच घाईत राहून जाते. स्ट्रिप १५ ची, चार दिवस रोज दोन घेतल्या, म्हणजे ७ उरायला हव्यात. उरल्यात ५. जमिनीवर एक सापडली, तर एक बाळाने खाल्ली असं धरायचं. चघळून थुंकलेली गोळीही खाल्लेलीच समजा. दोन मुलं खेळत असतील तर हरवलेल्या सगळ्या गोळ्या प्रत्येकाने एकट्याने खाल्ल्या असं धरून बोला. वाटणी करू नका.
पातळ औषधात लेबलवरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचा. पॅरासिटामॉल सिरप ५ मिलिलिटरला १२५ मिग्रॅ असतं, २५० मिग्रॅही असतं, आणि तान्ह्यांच्या थेंबांत १ मिलिलिटरला १०० मिग्रॅ. १० किलोच्या बाळाचा एका वेळचा डोस साधारण १५० मिग्रॅ. २५० वाल्या सिरपचे ३० मिलि गेले तर १५०० मिग्रॅ झाले, म्हणजे किलोमागे १५०, जिथून यकृताची काळजी करावी लागते. थेंबांची १५ मिलिची चिमुकली बाटलीही तेवढीच! बाटली छोटी म्हणून धोका छोटा, हा हिशेब इथे फसतो.
लेबल नसेल तर गोळीचा रंग, आकार, त्यावर कोरलेली अक्षरं आणि स्ट्रिपची मागची बाजू यांचे फोटो काढा. घरात कोण कशावर औषध घेतं, त्याची यादी करा. पाहुण्यांच्या पर्सपासून पांघरुणाखालीपर्यंत शोधा, पण शोधाशोध एकाने करावी. दुसऱ्याने डॉक्टरांना फोन लावावा.

विषबाधा विभागातील डॉक्टर :
'एकच गोळी तर होती' हे वाक्य काही औषधांसाठी कधीच म्हणू नये. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड जातीच्या गोळ्या, रक्तदाबाची क्लोनिडीन, ॲम्लोडिपिन, व्हेरापामिल, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलिन, मलेरियावरची क्लोरोक्वीन, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, जुलाबावरची डायफेनॉक्सिलेटची गोळी. यांपैकी शंका असली तरी लक्षणांची वाट न बघता निघा. मधुमेहाच्या गोळीने साखर काही तासांनी घसरू शकते, म्हणून २४ तास निरीक्षणाखाली ठेवतात. ॲमिट्रिप्टिलिन मात्र पहिल्या सहा तासांतच परिणाम दाखवतं.
गोळी नसलेल्यांकडेही बघा. कापूर असलेलं तेल पोटात गेलं तर काही मिनिटांत झटके येतात. दुखण्यावर चोळायच्या विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलित, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. नाक मोकळं करणाऱ्या काही प्रकारच्या थेंबांचे १-२ मिलि गिळले तरी गुंगी आणि नाडी मंद.
लोह सगळ्यात फसवं. आधी उलट्या, जुलाब, मग बाळ सुधारल्यासारखं दिसतं, आणि त्यानंतर खरा बिघाड. किलोमागे ६० मिग्रॅ शुद्ध लोह म्हणजे गंभीर. २० च्या पुढे तपासणी हवीच. लेबलवर फेरस सल्फेट २०० मिग्रॅ लिहिलं तर त्यात शुद्ध लोह साधारण ६५ असतं.

परिचारिका (पुन्हा) :
वरच्या यादीला जोडून : 'झोपेची वेळ होती म्हणून झोपलं' हे कारण गुंगीला फार वेळा लावलं जातं. औषधाची शंका असताना दर काही मिनिटांनी उठवून बघा. वाटेत गाडी चालवणारा वेगळा आणि बाळाला धरणारा वेगळा हवा.
फोनवर या क्रमाने सांगा : वय, वजन, काय गेलं असावं, जास्तीत जास्त किती, शेवटचं नीट कधी दिसलं होतं, आत्ता कसं आहे. वेळ कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

बालरोगतज्ज्ञ :
दवाखान्यात काय होईल ते माहीत असलं की वाद होत नाहीत. रक्तातली साखर, नाडी, रक्तदाब, ईसीजी. ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं औषध स्वतःला चिकटवून घेणारी कोळशाची पूड, साधारण किलोमागे १ ग्रॅम, तोही शक्यतो पहिल्या तासात आणि बाळ नीट जागं असेल तरच. लोह आणि अल्कोहोल त्याला चिकटत नाहीत. घरी चारकोलच्या गोळ्या कुटून देऊ नका. औषध अज्ञात असेल तर पॅरासिटामॉलची पातळीही बघतात. ती चार तासांनंतर काढली तरच अर्थ लागतो. पॅरासिटामॉल जास्त गेलं तरी पहिले २४ तास बाळ हसतंखेळतं राहू शकतं, पण उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत प्रभावी. 'आत्ता तर ठीक आहे' म्हणून घरी निघू नका.

क्ष-किरण विभागातून :
गोळी समजून गिळलेली वस्तू कधी बटण बॅटरी निघते. अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजायला सुरुवात होते. सरळ क्ष-किरण काढता येईल अशा ठिकाणी जा. बॅटरी गिळल्यावर मध देण्याचा सल्ला ऐकला असेल तर तो एक वर्षाखालील बाळासाठी नाही, बोटुलिझमचा (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. गोळ्यांच्या डबीतली सिलिका जेलची पुडी मात्र विषारी नसते, घशात अडकण्याचीच भीती.

फार्मासिस्ट :
हरवलेली गोळी नंतर सोफ्याच्या फटीत सापडली तर दवाखान्यात लगेच कळवा. मात्र धोका टळला असं स्ट्रिपचा आकडा पूर्ण जुळत असेल तरच धरा. एक कमी भरत असेल तर निरीक्षण ठरल्याइतकंच पूर्ण होऊ द्या.