डोक्कान बॅटल: सात एलआर कोंबले म्हणजे टीम होत नाही

दुधाळीचा_पिकोलो

परवा आपल्या ग्रुपवर एकानं ठोकून दिलं, "लिंक बघायचे दिवस गेले. बॉक्समध्ये जेवढे एलआर हाईत तेवढे टाका, दोन्हीकडं दोनशे टक्क्याचा लीडर ठेवा, विषय संपला." त्यावर ढीगभर लाईक. तिथं उत्तर दिलं असतं तर स्टिकरांत वाहून गेलं असतं, म्हणून हा धागा. नवख्यांसाठी: हा मोबाईलवरचा कार्डांचा गेम. एलआर म्हणजे सगळ्यात दुर्मिळ कार्डं. लिंक म्हणजे शेजारी बसलेल्या दोन कार्डांत जुळणारं कौशल्य, त्यानं दोघांनाही जोर मिळतो. लीडर म्हणजे टीमची ताकद टक्क्यांनी वाढवणारं कार्ड, एक आपलं आणि एक फ्रेंडचं.

ड्रॅगन बॉल झी डोक्कान बॅटल जपानात २०१५ ला आला. तेव्हापासून कार्डं शंभरदा बदलली, पण लढाईचा सांगाडा तोच आहे. सहा कार्डं आपली, सातवं फ्रेंडचं म्हणजे दुसऱ्या खेळाडूकडनं उसनं घेतलेलं, आणि एका टर्नला समोर येतात फक्त तिघं. पहिल्या टर्नला पहिल्या दोन जागांवर ज्यांना ठेवाल ते एकाआड एक टर्नला जोडीनं परत येतात. दुसऱ्या टर्नच्या पहिल्या दोघांचंही तसंच. म्हणजे पक्क्या जोड्या दोन, आणि उरलेले तिघं तिसऱ्या जागेवर आळीपाळीनं फिरणार. जोडीतले दोघं एकमेकांना काही देत नसतील तर ती जोडी काय कामाची?

आता 'की'चा, म्हणजे मारायला लागणाऱ्या ऊर्जेचा, हिशोब बघा. साध्या कार्डाला सुपर, म्हणजे खास मोठा अटॅक, मारायला १२ की लागते. दोन्ही लीडर तीन-तीन देणारे असले तर ६ झाली. जोडीत 'प्रिपेअर्ड फॉर बॅटल' आणि 'शॉकिंग स्पीड' या दोन लिंक जुळल्या की दोन-दोन, म्हणजे आणखी ४. समोरच्या बोर्डावरचा स्वतःच्या रंगाचा एक गोळा घेतला की २ मिळतात. झाली १२, आणि बोर्ड अजून जवळपास भरलेला. लिंक नसेल तर तोच गडी सहावर अडकतो. त्याचं पोट भरेपर्यंत तिसऱ्याच्या वाटणीला दुसऱ्याच रंगाचे एक-एकवाले गोळे उरतात, आणि तो साधी बुक्की मारून गप. एलआरचा खरा दणका तर १८ कीला आहे. असे तीन उपाशी एलआर एका रांगेत बसवून काय करणार?

आणखी एक. कार्डावरचं नाव सेम असेल तर लिंक लागतच नाही. दोन वेगवेगळे 'सुपर सायन गोकू' शेजारी ठेवलेत तर एकमेकांकडं बघत पण नाहीत. लोक लीडर आणि फ्रेंड एकच कार्ड घेतात आणि दोघांना एकाच जोडीत बसवतात. नाद खुळा.

लाईनबाजार_वेजिटा

ग्रुपवरचं वाक्य माझं होतं भावा. नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं.

तू कीचा हिशोब दिलास. मार खायचा हिशोब कुठाय? कुठल्या जागेवर किती अटॅक येणार ते बाजूला दिसतं, पण त्यातला सुपर कुठला ते दिसत नाही. आणि ढीगभर कार्डांचा डिफेन्स सुपर मारल्यावर वाढतो. पहिल्या जागेवरच्या गड्यानं तोपर्यंत बॉसच्या दोन खाल्लेल्या असतात. तुझी लाडकी जोडी की भरून तयार आहे, अगदी खरं. मारायच्या आधीच हेल्थ बार रिकामा झाला त्याचं काय?

टक्क्यांचंही बघ. 'सुपर सायन' लिंक दहा टक्के अटॅक देते, 'फिअर्स बॅटल' पंधरा. दोन लीडर मिळून चारशे देतात. दहा-पंधरासाठी मी जुनं कार्ड आत घेऊन भिंत पातळ करू? आताची कार्डं स्वतःच्या पॅसिव्हमध्येच (कार्डाच्या अंगच्या कौशल्यात) की घेऊन येतात, त्यांना शेजाऱ्याची गरज नाही.

आणि सुरुवातीला कार्डं कुठल्या क्रमानं येणार हे तुझ्या हातात नाही. जोडीतला एक पहिल्या टर्नला आला, दुसरा दुसऱ्या टर्नला. त्याला तिसऱ्या जागेवर सोडलास की तो पहिल्याला भेटतो पाचव्या टर्नला. तोपर्यंत माझा निम्मा बॉस झोपलेला असतो.

दुधाळीचा_पिकोलो

लिंकचे टक्के लीडरच्या टक्क्यांत मिळवायचे नसतात, ते वेगळे गुणले जातात. चारशेसमोर दहा असं दाखवून लोकांना गंडवू नकोस.

गडहिंग्लजचा_गोहान

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलला बघितलंय आम्ही. सीझनला बाहेरून दोन महागडे स्ट्रायकर आणायचे, दोघंही भारी, पण एकमेकाला पास देईनात. नव्वद मिनिटं प्रेक्षकच कोच. पिकोलोभाऊ बरोबर बोलालाय.

लाईनबाजार_वेजिटा

आणि गोलकीपर नसला तर पास देऊन कितीला हरणार ते पण सांग की.

सानेगुरुजी_बुलमा

तुम्ही दोघं पहिल्या जागेवरनं भांडालाय, आणि दुसऱ्या जागेचं कुणी नावच काढत नाही.

लिंक शेजाऱ्याशी लागते. पहिल्याला शेजारी एक, तिसऱ्याला एक, मधल्याला दोन. त्यामुळं जास्तीत जास्त लिंक असलेलं आणि मार कमी सोसणारं कार्ड मी मध्ये ठेवतो. पहिल्या जागेला एकच परीक्षा: काहीही न मारता, टर्न सुरू होताना डिफेन्स किती? तिथं वेजिटाचं ऐकायचं. पण त्याचे सात एलआर मला मान्य नाहीत, कारण त्यातले निम्मे सुपर मारल्यावरच घट्ट होतात, म्हणजे त्याच्याच नियमात नापास.

सपोर्टवाल्यांचं नाव तर दोघांनीही काढलं नाही. बाकीच्यांचा अटॅक-डिफेन्स वाढवणारं कार्ड लोक तिसऱ्या जागेवर फिरवतात. तो सपोर्ट ज्या टर्नला तो समोर आहे त्याच टर्नला मिळणार असेल, तर फिरत्या गड्याचा उपयोग एका जोडीला एकदा, मग बराच वेळ काहीच नाही. ज्या जोडीला गरज आहे तिच्यात त्याला पक्का बसवा.

आणि लिंक लेव्हल दहापर्यंत जाते हे विसरू नका. दहाच्या लिंकचा फायदा एकच्या लिंकपेक्षा बराच जास्त. विद्यापीठाला जाताना केएमटीच्या बसमध्ये मी तेवढंच काम करतो, तोच स्टेज परत परत ऑटोवर (गेम आपोआप खेळतो तसा) लावून. कंटाळवाणं आहे, पण त्याला दगड (नवी कार्डं काढायचं गेममधलं चलन) लागत नाहीत. पन्नास दगडांची मल्टी, म्हणजे एकदम बरीच कार्डं काढणं, फुकट गेली की आमच्या हॉस्टेलवर सुतक असतं.

दुधाळीचा_पिकोलो

ताई, मधल्या जागेचं एकदम पटलं. पण पहिल्या जागेला नुसता डिफेन्स बघितला आणि त्याची मधल्याशी एकही लिंक नसली, तर मधल्याचा एक शेजारी वाया गेला. मग तुमचा मधला पण अर्धाच.

सानेगुरुजी_बुलमा

अर्धा चालेल. जिवंत असला म्हणजे झालं.

नवखा_ट्रंक्स

मी नवीन आहे. माझ्याकडे एलआर एकही नाही, त्यामुळे तुमचं भांडण माझ्या कामाचं आहे की नाही तेच कळेना. मला वेजिटा आणि ट्रंक्स दोघंच आवडतात. त्यांचीच टीम केली तर हसाल का?

लाईनबाजार_वेजिटा

हसतोय कशाला, माझं नाव वाच. 'वेजिटाज फॅमिली' नावाची कॅटेगरीच (कार्डांचा गट) आहे, तिचा लीडर बघ. एक लक्षात ठेव, लीडरच्या कॅटेगरीत न बसणाऱ्या कार्डाला ते टक्के मिळत नाहीत. आवडतो म्हणून एखादा पाहुणा आत घेशील आणि तोच पहिला झोपेल.

गडहिंग्लजचा_गोहान

आणि रंग बघ भावा. निळा लालला भारी, लाल केशरीला, केशरी जांभळ्याला, जांभळा हिरव्याला, हिरवा परत निळ्याला. निळ्या बॉससमोर सगळी लाल टीम घेऊन गेलास तर गोकू येऊ दे नाहीतर त्याचा आजा.

दुधाळीचा_पिकोलो

बघा, पोरगं आवडीनं टीम लावालंय आणि बाप-लेकाच्या लिंका बऱ्याच जुळतील. एलआर नसताना त्याची की भरंल, आणि सात एलआरवाला रिस्टार्ट मारत बसंल.

लाईनबाजार_वेजिटा

मग होऊन जाऊ दे. इव्हेंट एकच, आयटम बंद, एकही कंटिन्यू नाही. तू तुझ्या जोड्या लाव, मी माझी भिंत लावतो. स्क्रीन रेकॉर्डिंग इथंच टाकायचं, कापाकापी न करता.

दुधाळीचा_पिकोलो

चालतंय. पण फ्रेंड दोघांनी सेम घ्यायचा, आणि तो बुलमाताई ठरवणार.

लाईनबाजार_वेजिटा

ती ठरवणार म्हणजे तुझ्याच बाजूचा येणार.

सानेगुरुजी_बुलमा

तुमच्या दोघांच्याही टीमच्या कॅटेगरीत बसणारा देतो. तक्रार असली तर आत्ताच सांगा, हरल्यावर ऐकणार नाही.

नवखा_ट्रंक्स

ट्रंक्सला दुसऱ्या जागेवर ठेवू की तिसऱ्या?

सानेगुरुजी_बुलमा

पहिल्या दोन टर्नला दोघं एकत्र आले तर दुसऱ्या, वेजिटाच्या शेजारी. नाही आले तर त्यांना एकत्र आणायच्या नादात चार टर्न घालवू नको. दोघांतला जाड डिफेन्सवाला पहिल्या जागेवर घे आणि दुसऱ्याला फिरू दे. कार्डांचे स्क्रीनशॉट टाक, मग नीट सांगतो.