कमी खर्चातील वेळबद्ध सायकलफेरी गोव्यात क्लबला स्वतः भरवता येईल का?

दोनचाकी, फोंडा

नमस्कार. आमच्या फोंड्यातील सायकल क्लबमध्ये विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, सकाळी दुकान उघडण्यापूर्वी येणारे व्यापारी आहेत. व्यावसायिक सायकल सोहळ्यांचे प्रवेशशुल्क हजारांच्या घरात गेले असून, जर्सी, पदक आणि टायमिंग चिपसाठी एवढे पैसे मोजणे आमच्यातील अनेकांना शक्य नाही. मात्र ठरलेल्या दिवशी ठरलेले अंतर सर्वांबरोबर पूर्ण करावे, ही ओढ प्रत्येकाला आहे. ब्रिटनमधील क्लब ‘रिलायबिलिटी राइड’ नावाची फेरी अगदी नाममात्र वर्गणीत भरवतात, असे वाचनात आले. तिचे स्वरूप नेमके कसे असते आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर व हवामानात ती कशी बसवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी साखळी, मडगाव

नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असताना मी अशा फेऱ्यांत भाग घेतला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तिथे या फेऱ्या मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे शर्यतींचा हंगाम सुरू होण्याआधी होतात. गावच्या सभागृहात एक टेबल मांडलेले असते. त्यावर नाव लिहून सही करायची, चार-पाच पौंड द्यायचे आणि वळणांची यादी छापलेला कागद घ्यायचा. रस्त्यावर बाण नसतात, स्वयंसेवक नसतात, मागून येणारी मदतगाडीही नसते. परतल्यावर चहा आणि क्लबच्या सभासदांनी घरी केलेला केक मिळतो. व्यावसायिक सोहळ्याला तीस-चाळीस पौंड पडतात, त्यांतील बराचसा भाग ज्या गोष्टींवर खर्च होतो, त्या गोष्टीच इथे वगळलेल्या असतात.

खरा गाभा वेळेचा आहे. समजा अंतर 100 किलोमीटर आहे, तर 4, 5 आणि 6 तासांचे वेगवेगळे गट करतात आणि आपण कोणत्या गटात जाणार हे निघण्यापूर्वीच सांगावे लागते. ही वेळ घड्याळाची असते. पंक्चर, चहा, वाट चुकणे, सगळे तिच्यातच धरायचे. त्यामुळे 5 तासांच्या गटातील माणूस वाटेत एकूण 40 मिनिटे थांबला, तर त्याला चालत्या सायकलवर ताशी 20 नव्हे, सुमारे 23 किलोमीटरचा वेग राखावा लागतो. नवीन सायकलस्वारांचा हिशोब नेमका इथेच चुकतो. कोण पहिला आला याची नोंद कुठेही होत नाही. आपण दिलेली वेळ पाळली की नाही, एवढेच पाहिले जाते. काही क्लब तर फार लवकर पोहोचणाऱ्यालाही अपात्र ठरवतात, आणि मला तो नियम मनापासून आवडतो, कारण स्वतःची ताकद अचूक ओळखणे हे शिस्तीचेच काम आहे.

आपल्याकडे ऋतू मात्र बदलावा लागेल. पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि दहानंतर ऊन व दमटपणा दोन्ही अंगावर येतात, म्हणून सहा वाजता निघणे आणि पुढचा-मागचा दिवा सक्तीचा करणे मला आवश्यक वाटते.

घाटवाट, पर्वरी

मला हे तितकेसे पटत नाही. सोहळ्याच्या शुल्कातून रुग्णवाहिका, पाण्याची केंद्रे आणि चौकाचौकांत उभी राहणारी माणसे मिळतात. आपल्या रस्त्यांवरची वाहतूक पाहता हा खर्च वायफळ म्हणता येणार नाही. शिवाय स्वस्तात लांब अंतर करायचे असेल तर ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या पण शर्यत नसलेल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, आहेतच. त्या भरवणाऱ्या ऑडॅक्स इंडिया या संस्थेच्या फेऱ्या भारतभर होतात आणि 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. मग नवीन काही उभे कशाला करायचे?

जुनी साखळी, मडगाव

आपला सुरक्षेचा मुद्दा रास्त आहे आणि तो सोडून कोणतीही फेरी काढू नये. परंतु ब्रेव्हेचे सर्वांत लहान नेहमीचे अंतरच 200 किलोमीटर असते. रविवारी दुपारी घरी जेवायला परतणाऱ्यांसाठी ते नाही. क्लबच्या फेरीत प्रत्येक गटाला एक अनुभवी म्होरक्या आणि एक शेवटचा माणूस नेमावा, शेवटच्या माणसाच्या मागे कोणीही राहता कामा नये, गट आठ-दहा जणांपेक्षा मोठा नसावा आणि पोलिस ठाण्याला आधी लेखी कळवावे. हेल्मेट, दोन ट्यूब आणि पंप नसेल तर सही घेऊच नये. याला पैसा लागत नाही, माणसे लागतात, आणि क्लबजवळ तीच असतात.

नदीपलीकडे, डिचोली

मार्गाबद्दल लिहितो. पणजी, रायबंदर, जुने गोवे, फोंडा, उसगाव, साखळी, डिचोली, म्हापसा आणि परत पणजी हे वर्तुळ 100 किलोमीटरच्या आसपास भरते. उसगाव ते साखळी या पट्ट्यात खनिजवाहू ट्रक धावत असतील तर रस्त्याच्या कडेला लाल धुळीचा थर साचतो आणि वळणावर चाक त्यात सरकते. तिथली स्थिती आदल्या आठवड्यात पाहूनच मार्ग पक्का करावा.

छोट्या फेरीसाठी रायबंदरहून फेरीबोटीने चोडण आणि तिथून मयेमार्गे डिचोली ही वाट फारच सुंदर आहे. अडचण एवढीच, की बोट कधी धक्क्याला लागेल यावर कोणाचे नियंत्रण नसते, त्यामुळे घड्याळ चोडणच्या काठावर उतरल्यावर सुरू करावे. बोटीची लोखंडी फळी ओली असते आणि क्लीट (पेडलमध्ये अडकणारी तळव्याची पट्टी) लावलेले बूट तिच्यावर अजिबात टिकत नाहीत. सायकल हाताने धरून, मोटारसायकली उतरू देऊन मगच सावकाश उतरावे.

मधल्या टप्प्यांच्या पुराव्यासाठी स्वयंसेवक उभे करण्याचीही गरज नाही. ब्रेव्हेत दुकानाचे बिल किंवा एटीएमची पावती चालते, तसेच इथेही करता येईल. साखळीला भाजीपाव खाल्ला की वेळ छापलेले बिल मागून घ्यावे. गाड्यावर बिल मिळत नसेल तर गाड्यासमोर सायकलसह काढलेले छायाचित्र पुरे.

दोनचाकी, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पर्वरीच्या सदस्यांच्या हरकतीमुळे आमची चर्चा अधिक नेमकी झाली. डिसेंबरमधील एका रविवारी 5 आणि 6 तासांचे दोनच गट काढण्याचे आम्ही ठरवत आहोत. 4 तासांचा गट पहिल्या वर्षी नको, कारण त्याने नकळत शर्यत सुरू होईल अशी भीती वाटते. वर्तुळ तेच ठेवू, फक्त आरंभ आणि शेवट फोंड्याला करू. वर्गणी माणशी 50 रुपये असेल, तीत मार्गाचा छापील कागद आणि परतल्यावरचा चहा येईल. विद्यार्थ्यांकडून काही घेणार नाही. साखळी ते डिचोली या भागात गटाचा शेवटचा माणूस म्हणून येण्यास तिकडचे कोणी तयार असतील, तर त्यांनी इथेच कळवावे.

नदीपलीकडे, डिचोली

मी येईन. 6 तासांच्या गटाबरोबर ठेवा, आणि उसगावचा रस्ता आदल्या रविवारी पाहून इथे लिहितो.