नागासाकी : आई सोबत आहे, हाशिमा बेट + जेआर पास, तातडीने मदत हवी आहे

पुणेरी_पांथस्थ
मंडळी, आज रात्रीच बुकिंग करून टाकायचंय म्हणून घाईत लिहितोय. जपानला निघालोय, टोकियो ओसाका सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते नागासाकीवर. हाशिमा बेटाची बोट (ती ओस पडलेली कोळसा खाणीची वसाहत, गुंकानजिमा पण म्हणतात) आणि बाकीचं शहर एका दिवसात होतं का? जेआर पास (जपान रेल्वेचा, ठरावीक दिवस चालणारा) घ्यावा की सुटी तिकिटं? हॉटेल स्टेशनजवळ की चायनाटाउनकडे? प्रत्येक साइट वेगळंच सांगतेय, डोक्याचा भुगा झालाय. जाऊन आलेल्यांनी प्लीज लवकर सांगा.

सह्यभटक्या
कधी जाताय? ओसाकाहून जाणार की टोकियोहून? परतीचं विमान कुठून? आईंचं वय काय, चालू शकतात का? एवढं कळल्याशिवाय पासचं काही सांगता येणार नाही.

जोशीकाका
व्हिसाचं आधी बघून घ्या. आता भारतातून ई-व्हिसा मिळतो, पण विमानतळावर तो फोनवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. उतरल्यावर नेट चालू असेल अशी सोय करा. आमच्या ओळखीत एकांची यावरून रांगेत फार धावपळ झाली.

पुणेरी_पांथस्थ
काका व्हिसा झालाय, आभारी आहे, पण तो प्रश्न नव्हता. ओसाकाहून जाणार, ओसाकालाच परत. आई ६८, गुडघ्याचा त्रास आहे पण हळूहळू चालते. आता पासचं सांगा.

टोकियोतला_मी
खरं सांगू का, नागासाकी सोडून द्या. ओसाकाहून हिरोशिमा दीड तासात, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. नागासाकीला जायलाच साधारण साडेचार तास, वर हाकाताला गाडी बदला, पुढे ताकेओ-ओनसेनला परत बदला. २०२२ ला शिनकानसेन (बुलेट ट्रेन) झाली तरी ती मधल्यामध्येच सुरू होते. आईंना घेऊन एवढी दगदग कशाला?

निळावंती
कशाला म्हणजे काय? माणसाला नागासाकी बघायचंय! आणि ताकेओ-ओनसेनला बदलायचं म्हणजे त्याच प्लॅटफॉर्मवर समोरच्या गाडीत बसायचं, जिना नाही की काही नाही. माझ्या सासूबाई आरामात बदलल्या. शिवाय हिरोशिमा बघितलं की नागासाकी बघितल्यासारखंच हे मला अजिबात पटत नाही. बॉम्ब उराकामीच्या खोऱ्यावर पडला, मध्ये डोंगर असल्यामुळे बंदराकडचं जुनं गाव बरंचसं वाचलं, म्हणून ओउराचं चर्च आणि ग्लोव्हर या ब्रिटिश व्यापाऱ्याचा बंगला आजही उभे आहेत. एकाच शहरात दोन्ही गोष्टी बघायला मिळतात. सान्नो देवळाचं तोरी (दोन खांबांची कमान) बघा, एक खांब उडालाय, दुसरा तसाच उभा आहे आणि लोक त्याच्या बाजूने रोज जा-ये करतात. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

इतिहासप्रेमी_खडकी
मूळ लक्ष्य कोकुरा होतं, तिथे खाली काही दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. आणि देजिमा चुकवू नका. डचांना १६४१ पासून त्या एवढ्याशा कृत्रिम बेटावर ठेवलं होतं, आता भोवती भराव घालून शहर वाढलंय त्यामुळे बेट आहे हे लक्षातच येत नाही. मेगानेबाशी हा दगडी पूल तर १६३४ चा.

पुणेरी_पांथस्थ
इतिहास वाचलाय हो, पास घेऊ की नको???

सह्यभटक्या
सात दिवसांचा पास २०२३ च्या ऑक्टोबरपासून ५०,००० येन झालाय. टोकियो-ओसाका साधारण १४ हजार, ओसाका-नागासाकी एका बाजूने २० हजारांच्या आसपास. म्हणजे तिन्ही प्रवास सात दिवसांत बसत असतील तरच थोडेसे वाचतात, नाहीतर सुटी तिकिटं. पास घेतलात तर नोझोमी आणि मिझुहो या सगळ्यात वेगवान शिनकानसेनना वर वेगळे पैसे पडतात, ओसाका-हाकाता साकुरा घ्या, ती पासात येते. क्युशूचा पास घेऊ नका, तो ओसाका-हाकाता शिनकानसेनला चालत नाही. पण तारीख अजून सांगितली नाहीत.

पुणेरी_पांथस्थ
१४ ऑगस्टला संध्याकाळी पोहोचणार, १६ ला दुपारी निघणार. तारखेने काय फरक पडतो?

निळावंती
बाप रे, तो ओबोन आहे, त्यांचा पितरांचा सण! सगळं जपान गावी निघालेलं असतं. त्या दिवसांत नोझोमीला विनाआरक्षण डबेच नसतात, बाकीच्या गाड्याही भरून जातात. आत्ताच्या आत्ता रिझर्व्हेशन करा. आणि १५ ला संध्याकाळी नागासाकीत शोरो-नागाशी असते. वर्षभरात ज्यांच्या घरी कोणी गेलं ते लोक त्या माणसासाठी होडी सजवून रस्त्याने ओढत बंदराकडे नेतात, पुढे घंटा आणि फटाके. फटाके इतके की लोक कानात बोळे घालून उभे असतात. रस्ते बंद असतात, त्यामुळे संध्याकाळी कुठे जायचा बेत ठेवू नका. पण बघा मात्र नक्की, आईंना कडेला बसायला जागा धरून द्या. होडीवर गेलेल्या माणसाचा फोटो असतो, घरचे लोक घामाघूम होऊन ओढत असतात, आपल्याकडच्या विसर्जनासारखं वाटतं पण डोळ्यात पाणी येतं.

टोकियोतला_मी
म्हणूनच म्हणत होतो. ऑगस्टमध्ये वादळांचाही भरवसा नाही.

निळावंती
वादळ ओसाकाला पण येतं.

लाटांवरती
हाशिमाचं मी सांगतो, त्या बोटीने गेलोय. धक्क्यावर उतरायला मिळेलच याची खात्री कोणीच देत नाही. लाटा अर्ध्या मीटरच्या वर गेल्या की उतरवत नाहीत, बोट बेटाभोवती फिरवून परत आणतात. उतरलात तरी ठरवून दिलेल्या वाटेनेच फिरायचं, पडक्या इमारतींत जाता येत नाही. बोटीत चढउतार आणि पायऱ्या आहेत, बेटावर सावली अजिबात नाही. १९७४ ला खाण बंद झाल्यापासून तिथे कोणी राहत नाही, भिंती समुद्राने खाल्ल्यात, खिडक्यांच्या चौकटी नुसत्या लोंबतायत. बोट १५ ला सकाळची घ्या, दुपारी आईंना खोलीत आराम, संध्याकाळी मिरवणूक. पीस पार्क आणि संग्रहालय १६ ला सकाळी, निघण्याआधी होतं. आईंना बोट झेपेल का हे त्यांनाच विचारा, नाहीतर तुम्ही एकटे जा.

खवय्यी_ठाणेकर
शाकाहारी आहात का? चांपोनमध्ये (तिथले नूडल्स) डुक्कर-कोंबडीच्या हाडांचा रस असतो, आणि भाजीच्या सूपमध्येही माशाचा रस (दाशी) असू शकतो. कास्तेला केकमध्ये अंडं. थेपले, उपम्याची पाकिटं न्या, गरम पाणी हॉटेलात मिळतं. ताजी फळं आणि कढीपत्ता मात्र नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

पुणेरी_पांथस्थ
आई अंडंही खात नाही, हे विचारायचंच राहिलं होतं, बरं झालं. हॉटेलचं?

सह्यभटक्या
स्टेशनजवळ. सामान घेऊन चढावर जायला नको, तिथे घरंच्या घरं डोंगरउतारावर आहेत. ट्राम समोरूनच सुटते, पीस पार्कला १ किंवा ३ नंबर. ओउराकडे जायचं तर शिंची चायनाटाउनला बदलून ५ नंबर, आयसी कार्ड (टेकवून भाडं भरायचं कार्ड) असेल तर बदलताना दुसरं भाडं पडत नाही. ग्लोव्हर गार्डनला खालून चढू नका, इशिबाशी स्टॉपला उतरा, तिथून तिरकी लिफ्ट फुकट वर नेते, आईंचा गुडघा वाचेल.

पुणेरी_पांथस्थ
स्टेशनसमोरची एक रूम मिळाली, शेवटचीच दिसतेय, घेतली. पास नाही घेत, सात दिवसांत बसत नाहीये. गाडीचं रिझर्व्हेशन आता करतो. बोटीचं उद्या सकाळी बघू.

लाटांवरती
बोटीचं उद्यावर ढकलू नका, ओबोनमध्ये जागा लगेच जातात. आणि पैसे भरण्याआधी बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते ते बघा, सगळ्या कंपन्यांच्या बोटी एकाच जागेवरून सुटत नाहीत.