सोसायटीत हाडांची मोफत तपासणी ठेवावी का?

मुलुंडकर: २० ऑक्टोबरच्या जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) दिनाच्या सुमारास आमच्या सोसायटीत शिबिर घ्यायचं चाललंय. पन्नाशीपुढचे रहिवासी बरेच आहेत. टाच ठेवून हाडं तपासायचं मशीन फुकट मिळतंय. त्या आकड्यावर कितपत विसंबावं? आणखी काय करून घ्यावं?

परळकर: टाचेचं मशीन अल्ट्रासाउंडवर चालतं, त्यावरून निदान होत नाही. निदानाला कंबरेचे मणके आणि खुबा यांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी, लागते. त्यात पन्नाशीपुढे टी-स्कोअर (निरोगी तरुणाच्या हाडांशी तुलना करणारा आकडा) −२.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस. हा निकष टाचेच्या आकड्याला लावता येत नाही, पण शिबिरात सर्रास लावतात. लाल पट्टा दिसला की माणूस घाबरून गोळ्या सुरू करतो, हिरवा दिसला की गरज असलेलाही निर्धास्त होतो. मला दुसरं जास्त धोक्याचं वाटतं.

मशीनपेक्षा वही आणि भिंतीला लावलेली मोजपट्टी घेऊन बसा. पन्नाशीनंतर चालताना साधं पडून मनगट किंवा खुबा मोडलाय? आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता? पाळी ४५ च्या आत गेली? स्टेरॉइडच्या गोळ्या सलग ३ महिने किंवा जास्त घेतल्यात? एकाचं जरी उत्तर 'हो' आलं तरी डॉक्टरांना डेक्साबद्दल विचारायला सांगा, पुरुषांनाही. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंमी घटली असेल तर पाठीचा एक्स-रे हवा, कारण मणका न दुखताही दबलेला असू शकतो.

डेक्साच्या रिपोर्टात खुब्याचा आकडा नीट बघा. उतारवयात मणक्यांना हाडाचे काटे फुटतात, त्यामुळे तिथला आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

नाचणीची भाकरी: कॅल्शियम रोज १००० मिग्रॅ लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. २०० मिली दुधातून साधारण २४० मिळतं, ५० ग्रॅम नाचणीच्या पिठातून १७० च्या आसपास. आहारात जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून घ्यायचं. १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत कॅल्शियम असतं ५००. ती जेवणासोबत घ्यावी, आणि थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडाला इजा होते. खिडकीच्या बंद काचेतून येणाऱ्या उन्हातून ड तयार होत नाही.

फिजिओ गोरेगाव: खुबा बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतो, म्हणून त्या दिवशी घरोघरची बाथरूम बघून या. तोल गेला की माणूस टॉवेलची दांडी धरतो आणि ती उखडते. कमोडशेजारी भिंतीत ड्रिल करून बसवलेला स्टीलचा हँडल हवा. टाइलला चिकटवायचे रबरी कपवाले हँडल घेऊच नका, ओल्या टाइलवर ते सुटतात. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा.

व्यायामात नुसतं चालणं पुरत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून १० वेळा उठा-बसा, मग ओट्याला धरून टाचा उचला. मणका दबला असेल तर पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकायची आसनं बंद. भरलेली बादली कंबरेतून वाकून उचलणंही बंद.

मुलुंडकर: मशीन रद्द करतो. ज्यांची औषधं आधीच चालू आहेत त्यांना काय विचारू?

परळकर: गोळी कशी घेता ते विचारा. हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची ७० मिग्रॅची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. चहासोबत घेतली तर ती अंगी लागत नाही, लगेच आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होते. त्याच कामाचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर पुढची तारीख वहीत लिहून घ्या. ते दर ६ महिन्यांनी लागतं. दुसरं औषध न लावता मध्येच सोडलं तर हाडं झपाट्याने विरळ होतात आणि एकाच वेळी दोन-तीन मणकेही दबू शकतात.