क्राउडफंडिंगवरचे नवे बोर्डगेम शोधायचे कुठे, आणि पैसे कशावर लावायचे?

पटावरचा_उंट

किकस्टार्टर (नव्या वस्तूंसाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या मोहिमांचं संकेतस्थळ) उघडलं की प्लास्टिकच्या बाहुल्यांनी भरलेले तेच चार-पाच मोठे खोके समोर येतात. मला हवेत ते मध्यम खेळ. २ ते ४ खेळाडू, तास-दीड तासाचा डाव, पत्ते आणि लाकडी सोंगट्या असल्या तरी भरून पावलो. पण असे खेळ नेमके मोहीम संपल्यावर कानावर येतात. दोन प्रश्न आहेत. नव्या मोहिमा वेळेत कळण्यासाठी काय बघता? आणि मोहिमेचं पान वाचून खेळ घेण्याजोगा आहे की नाही, हे कसं ओळखता? 'व्हिडिओ झकास होता' याच्या पुढचं सांगा. वर्षाला दोन-तीनच घेणार आहे.

सहा_पडले

पहिल्या प्रश्नाचं मी घेतो.

पहिल्या पानाचा नाद सोडा, तिथे आधीच गर्दी जमलेली दुकानंच दिसणार. 'गेम्स'मधला 'टेबलटॉप गेम्स' हा विभाग उघडा आणि क्रम 'न्यूएस्ट' करा. बऱ्याच मोहिमा मंगळवारी सुरू होतात, म्हणून बुधवारी किंवा गुरुवारी पंधरा मिनिटं पुरतात. मोहिमेला ६० दिवसांची मुभा असली तरी बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत उरकतात, तेव्हा आठवड्याची फेरी चुकवू नका. शिवाय मोहीम सुरू होण्याआधीच पान तयार असतं. तिथे 'नोटिफाय मी' दाबून ठेवलं की ई-मेल येतो.

फक्त किकस्टार्टर बघून आता भागत नाही. गेमफाउंड आधी नुसता प्लेज मॅनेजर होता, म्हणजे मोहीम संपल्यावर पत्ता, टपाल आणि जादा वस्तूंचा हिशेब करायची जागा. आता तिथेही मोहिमा चालतात. बॅकरकिट या दुसऱ्या प्लेज मॅनेजरनेही २०२२ मध्ये तेच केलं.

बोर्डगेमगीक या बोर्डगेमच्या माहितीच्या साइटवर खेळापेक्षा माणसं धरा. तुमच्या आवडत्या पाच खेळांचे डिझायनर आणि प्रकाशक यांची पानं सबस्क्राइब केलीत की त्यांचं पुढचं काम आपोआप समोर येतं. तिथल्या डिझाइन स्पर्धांकडेही लक्ष ठेवा. मोहीम निघायच्या कितीतरी आधी खेळाचा कच्चा अवतार, नियमांसकट, फुकट वाचायला मिळतो. मात्र न छापलेल्या खेळाचं तिथलं रेटिंग बघूच नका. कोणी हौसेने १० देतं, कोणी किंमत बघून चिडून १. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

आवडलेल्या मोहिमेवर लगेच उडी न मारता ती जतन करा. संपायच्या ४८ तास आधी आठवणीचा संदेश येतो. तोवर प्रश्नोत्तरं साठलेली असतात, नियमांतल्या चुका लोकांनी दाखवून दिलेल्या असतात. किकस्टार्टरवर पैसे मोहीम यशस्वी होऊन संपल्यावरच कापले जातात आणि तोपर्यंत प्लेज (पैसे द्यायचं वचन) मागे घेता येतं. अपवाद एकच: शेवटच्या २४ तासांत, तुमच्या माघारीने मोहीम उद्दिष्टाच्या खाली जाणार असेल तर नाही. म्हणून 'अर्ली बर्ड'ची, म्हणजे लवकर येणाऱ्यांची, सूट भरघोस नसेल तर पहिल्या दिवशीच्या घाईत काहीच हशील नाही.

नियम_आधी

दुसरा प्रश्न. आधी नियमपुस्तिका, मग बाकी सगळं. पानावर नियमांची पीडीएफ नसेल तर टॅब बंद करा. असेल तर मांडणी, एक पूर्ण पाळी आणि डाव कसा संपतो, एवढं वाचा.

मग वेळेचा हिशेब करा. समजा ८ फेऱ्या, ४ खेळाडू आणि दर पाळीला ३ कृती. झाल्या ९६ कृती. प्रत्येकीला ४५ सेकंद धरले तर ७२ मिनिटं, मांडणी आणि गुणमोजणी वेगळी. खोक्यावर '४५ मिनिटं' लिहिलं असेल तर कोणीतरी थाप मारतंय.

प्रिंट-अँड-प्ले (घरी छापून खेळायची) फाइल असेल तर साध्या कागदावर छापा, कापा आणि जुन्या पत्त्यांसोबत ६३ × ८८ मिमीच्या स्लीव्हमध्ये (पत्त्यांच्या पारदर्शक पिशवीत) सरकवा. टेबलटॉप सिम्युलेटर किंवा टेबलटोपियावर (संगणकावर बोर्डगेम खेळायच्या जागा) असेल तर तिथे खेळा. पण डाव शेवटपर्यंत न्या. नमुना-व्हिडिओत पहिल्या दोन फेऱ्याच दाखवतात, आणि खेळ फसतो तो शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. पुढे गेलेला आणखी पुढे पळतो, बाकीचे नुसते पाळीची वाट बघत बसतात.

स्ट्रेच गोल, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त पैसे जमले की खेळात घालायच्या जादा गोष्टी, दोन प्रकारचे असतात. जाड पत्ते, लिनन फिनिश (कापडासारखा पोत), पुठ्ठ्याऐवजी लाकडी सोंगट्या: हे निरुपद्रवी. मोहीम चालू असताना सुचलेलं नवं मॉड्यूल (नियमांची जादा भर), सहावा खेळाडू, एकट्याने खेळायचा मोड: हे धोक्याचे, कारण त्यांची चाचणी अजून व्हायची आहे. उशीर तिथूनच सुरू होतो. तुम्हाला २ ते ४ खेळाडूंचा खेळ हवा ना? मग दोघांच्या डावात तिसरा 'नकली' खेळाडू चालवावा लागतो का, तेही नियमांत शोधा. आणि प्रिव्ह्यू व्हिडिओत 'पेड' (पैसे घेऊन केलेला) लिहिलंय का, ते बघा. असेल तर त्यातले नियम ऐका, मत सोडून द्या.

खोक्यातली_हवा

खेळाबद्दल सगळे बोलतात, खोक्याबद्दल कोणी बोलत नाही. टपाल बऱ्याचदा नंतर, प्लेज मॅनेजरमध्ये आकारतात आणि कुरिअर वजन मोजतं ते आकारमानाने. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे ३० × ३० × ७ चा खोका १.२६ किलो, आणि ४० × ३० × २० चा ४.८ किलो, मग आत निम्मी हवा का असेना. खोक्याचं माप पानावर नसेल तर विचारा. प्रदेशवार टपालाचा तक्ता हवा, 'नंतर कळवू' चालणार नाही. आयातकर किमतीत धरलाय का, तेही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरचं शुल्क १४५ टक्क्यांपर्यंत नेलं, मे महिन्यात ३० वर आणलं. पैसे आधीच घेऊन बसलेल्या प्रकाशकांचं गणित त्यात कोलमडलं.

उद्दिष्टाची रक्कम पण तपासा. कारखाने साधारण १००० ते १५०० प्रतींच्या खाली छापत नाहीत. ६० डॉलरच्या खेळासाठी ५००० डॉलर उद्दिष्ट असेल तर ८३ प्रतींचे पैसे झाले. त्यातून प्लॅटफॉर्मचे ५ टक्के आणि पेमेंटचे आणखी ३ ते ५ जाणार. उरलेला पैसा कुठून येणार? उत्तर असू शकतं, पण ते पानावर हवं. बाहुल्या असतील तर पोलादी साचे आले, त्यांचा खर्च हजारो डॉलरचा आणि तोही छपाईआधीच.

तारीखही ताडून बघा. अंतिम फाइल, नमुना प्रत, मंजुरी, छपाई, जहाज, गोदाम, मग वाटप. नुसत्या पुठ्ठ्या-पत्त्यांच्या खेळालाही दहा-बारा महिने लागतात. त्यात चिनी नववर्षाला, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, कारखाने काही आठवडे थंड असतात. चित्रं निम्मी बाकी आणि वचन सहा महिन्यांचं, असं दिसलं तर ओळखा.

नियम_आधी

एक राहिलं. निर्मात्याच्या प्रोफाइलवर जुन्या मोहिमा दिसतात. त्यांचे 'अपडेट्स' आणि शेवटच्या वीसेक कॉमेंट वाचा. चार महिने उशीर मी माफ करतो, चार महिने मौन नाही. आणि पहिला खेळ पोचायच्या आत दुसरी-तिसरी मोहीम निघाली असेल, तर नव्याच्या पैशांत जुन्याचं टपाल भागत असण्याची शक्यता धरा.

किकस्टार्टर स्वतः परतावा देत नाही. 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' या खेळाने २०१२ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास डॉलर जमवले. पैसा घरभाड्यात आणि इतर गोष्टींत गेला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये कारवाई केली, पण निर्मात्याची ऐपत नाही म्हणून वसुली स्थगित राहिली.

पटावरचा_उंट

भारी माहिती. पण निर्मात्याची पहिलीच मोहीम असेल तर मागचं काय बघणार? आणि काही मोहिमांत एक डॉलरचं प्लेज असतं, ते कशासाठी?

सहा_पडले

पहिलटकर असेल तर त्याने स्वतः किती मोहिमांना पाठिंबा दिलाय ते बघा. प्रोफाइलवर आकडा असतो. शून्य असेल तर बॅकरच्या (पैसे लावणाऱ्याच्या) बाजूने ही प्रक्रिया त्याने पाहिलेलीच नाही. कारखान्याचं नाव, छपाईचा दर ठरल्याचा उल्लेख आणि पूर्ण झालेली चित्रं, या तीनपैकी दोन तरी हवीत. खोका लहान, पत्ते आणि लाकूड एवढंच असेल तर मी धोका पत्करतो. प्लास्टिक असेल तर नाही.

एक डॉलरने बहुतेक वेळा प्लेज मॅनेजरचं दार उघडतं, म्हणजे निर्णय काही महिने पुढे ढकलता येतो. पण मूळ खेळ तिथे त्याच किमतीला मिळेल का, हे दर मोहिमेत वेगळं. आणि २०२४ पासून किकस्टार्टरवरच 'लेट प्लेज', म्हणजे मोहीम संपल्यावरही पैसे लावायची सोय, आलंय. निर्मात्याने ते चालू ठेवणार असं लिहिलं असेल तर डॉलरही अडकवू नका. फक्त एक लक्षात घ्या, लेट प्लेजचे पैसे तिथल्या तिथे कापतात.