लॅपटॉपची स्क्रीन अचानक काळी पडली आहे : कृपया मार्गदर्शन करावे

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. मुलीचा लॅपटॉप आज काम चालू असतानाच अचानक काळा पडला. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर पंख्याचा आवाज येतो, परंतु स्क्रीनवर काहीच उमटत नाही. तिच्या प्रोजेक्टच्या सर्व फाइल्स त्यातच आहेत. दुरुस्तीला देण्यापूर्वी घरी काही तपासता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-१०१ : स्क्रीन गेली असणार. वेळ न घालवता नवीन बसवून घ्यावी, हे उत्तम.

सी-३०३ : काका, तो खर्च इतक्यात ठरवू नये, असे मला वाटते. मशीन सुरूच होत नसेल, सुरू होऊनही चित्र तयार करत नसेल, किंवा चित्र तयार होऊनही आपल्याला दिसत नसेल, तरी तिन्ही वेळा समोर काळी काचच दिसते. आणि नवी स्क्रीन यांपैकी फक्त शेवटच्या प्रकारात, तीही कधीकधीच, उपयोगी पडते. ताई, प्रथम कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का, ते पाहावे, म्हणजे मशीन सुरू आहे की नाही ते कळेल. तो प्रतिसाद देत नसल्यास चार्जर काढून पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग चार्जर लावून पुन्हा सुरू करावा. सुरू होताना बीप वाजत असतील किंवा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ती संख्या लिहून ठेवावी, कारण रॅममधील (तात्पुरती मेमरी) किंवा मदरबोर्डमधील (मुख्य सर्किट बोर्ड) दोष अनेक कंपन्यांची मशीन अशाच खुणेने कळवतात.

बी-४०२ : कॅप्स लॉकचा दिवा व्यवस्थित लागतो. बीप नाहीत. अंदाजाने पासवर्ड टाकल्यावर सूचनेचा आवाजही आला.

डी-२०२ : लॅपटॉपजवळ एखादे चुंबक नाही ना? झाकण मिटल्याचे ओळखणारा सेन्सर बहुतेक लॅपटॉपमध्ये चुंबकावर चालतो. चुंबकी पट्ट्याचे घड्याळ कीबोर्डच्या कडेवर टेकले किंवा लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवला, तरी झाकण बंद आहे असे समजून स्क्रीन विझू शकते.

बी-४०२ : तसे काही जवळपास नाही.

सी-३०३ : चांगली आठवण केलीत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आता ब्राइटनेस वाढवण्याची कळ काही वेळा दाबावी. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवरील चित्र हाताळणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो आणि उघडलेल्या फाइल्सना धक्का लागत नाही. एवढ्यानेही फरक पडला नाही, तर खोलीतील दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरावा आणि पुसट चित्र दिसते का, ते बारकाईने पाहावे.

ई-१०४ : विंडोज नव्याने टाकून पाहिले तर?

सी-३०३ : त्याची घाई नको. बटण दाबताच येणारे कंपनीचे चिन्ह विंडोज सुरू होण्याआधीच उमटते. तेही दिसत नसेल, तर दोष विंडोजमध्ये शोधून उपयोग नाही आणि फाइल्स मात्र विनाकारण धोक्यात येतील.

बी-४०२ : चिन्हही दिसत नाही. टॉर्चमध्ये मात्र फोल्डर अगदी पुसट दिसत आहेत! शिवाय झाकण निम्मे मिटवले की स्क्रीन क्षणभर उजळते आणि पुन्हा काळी होते.

सी-३०३ : मग बरेचसे निदान झालेच. एलसीडी स्क्रीन स्वतः प्रकाश देत नाही. तिच्यामागील बॅकलाइटमुळे चित्र दिसते. (ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइट नसतो, त्यामुळे तिथे ही टॉर्चची युक्ती लागू पडत नाही.) आपल्याकडे चित्र तयार होत आहे, फक्त त्यामागचा उजेड गेला आहे, आणि झाकणाच्या कोनानुसार तो परत येत असल्याने माझा संशय बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलवर आहे. झाकण उघडून-मिटून ती झिजते. आता पुनःपुन्हा झाकण हलवू नये, कारण उघड्या पडलेल्या तारा एकमेकींना टेकल्यास मदरबोर्डवरील बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो आणि स्वस्तातले काम महागात जाते.

फाइल्ससाठी एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडावा. चित्र आपोआप न आल्यास विंडोज आणि पी या कळा दाबून डुप्लिकेटचा पर्याय निवडावा. कॉपी झाल्यावर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू आहे का, तेही पाहून घ्यावे. असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वेगळी लिहून ठेवावी, कारण मदरबोर्ड बदलावा लागला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला जोडावी लागली, तर ती विचारली जाईल.

ए-१०१ : म्हणजे स्क्रीन बदलण्याची गरज नाही?

सी-३०३ : तशी खात्री आत्ताच देता येणार नाही, काका, पॅनेलमधील, म्हणजे स्क्रीनमधील, बॅकलाइटचा उजेड देणारी एलईडीची पट्टीही गेलेली असू शकते. मात्र तंत्रज्ञाने आधी केबल तपासावी, मग फ्यूज, आणि पॅनेल सर्वांत शेवटी, असा आग्रह अवश्य धरावा.

बी-४०२ : टीव्हीवर सर्व दिसले, फाइल्स पेन ड्राइव्हवर कॉपी होत आहेत. दुरुस्तीला देताना तक्रारीच्या रकान्यात ‘स्क्रीन खराब’ असे न लिहिता ‘टॉर्चमध्ये पुसट चित्र दिसते, झाकणाच्या ठरावीक कोनात उजेड येतो, बाहेरील स्क्रीनवर चित्र व्यवस्थित’ असे लिहून देते.